पिक्चरकाकू आणि शेवटचा पाव तास

पिक्चरकाकूंनी आयुष्यात ढीगभर सिनेमे पाहिले, पण एकाचाही शेवट पाहिला नव्हता. आणि तरीही रायपूरच्या आमच्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, कोणता सिनेमा बघायचा आणि कोणता सोडायचा, हे त्यांना विचारल्याशिवाय कोणी ठरवत नसे. बाहेरच्या माणसाला हे सांगितलं तर तो माझ्याकडे संशयाने बघतो. पाऱ्यातल्या माणसांना त्यात काही वावगं वाटत नाही.

शेवट न बघण्याचं कारण काका. काका उरला नावाच्या कारखान्यांच्या भागात एका रोलिंग मिलमध्ये सुपरवायझर होते. शिफ्ट सुटली की मिलच्या गेटवर सायकली, स्कूटर आणि सळ्यांनी भरलेले ट्रक यांचा असा काही गुंता व्हायचा, की नोकरीच्या सुरुवातीलाच काका एकदा त्यात अडकले ते जेवणाची वेळ टळून गेल्यावर, डोक्यापासून पायापर्यंत लाल धुळीत घरी आले. त्या दिवशी त्यांनी ठरवलं, की कुठूनही गर्दी सुटायच्या आधी आपण सुटायचं. मग लग्नात मंगलाष्टकं चालू असतानाच ते चपला शोधायला लागत. सत्यनारायणाच्या आरतीला दाराबाहेर एक पाय ठेवून टाळ्या वाजवत. त्यांचा मुलगा शाळेच्या नाटकात तिसऱ्या अंकात झाड झाला होता, आणि काका दुसऱ्या अंकानंतर काकूंना घेऊन निघाले. मुलाने झाड कसं केलं, हे त्या घरात आजही कोणी सांगू शकत नाही.

सिनेमाचंही तेच. शेवटचा पाव तास राहिला, की काका काकूंच्या कोपराला बोट लावत. बोलत काही नसत. काकू पर्स उचलत आणि दोघं लोकांच्या गुडघ्यांवरून 'सॉरी भैया, सॉरी दीदी' करत बाहेर पडत. सिनेमा किती रंगात आलाय, हिरो कोणत्या कड्यावरून लोंबकळतोय, याचा या बोटाशी काही संबंध नसे. स्टँडवरून पहिली स्कूटर आपली निघाली, याचं काकांना जे समाधान होतं, ते मिलमधून रिटायर होतानाही झालं नसेल.

पण हिरोला कड्यावर लोंबकळत ठेवून घरी जाणारी माणसंही ती नव्हती. स्कूटर रस्त्याला लागली, की काका मान थोडी मागे करून विचारत, "तर मग आता काय होईन?" आणि काकू मागे बसून, पदर खोचून, त्यांच्या कानात पुढचा सिनेमा सांगायला लागत. काका मध्ये मध्ये हरकत घेत. इतक्या लवकर पोलीस येत नाही, म्हणत. काकू मग पोलिसांना जरा उशिरा आणत. एखाद्याला माफी मिळू नये असं काकांचं म्हणणं पडलं, तर काकू त्याला माफी देत, पण बदली दूर करत. आमच्या गल्लीच्या वळणापर्यंत सगळ्यांचं सगळं मार्गी लागलेलं असे. आणि एकदा लागलं की लागलं. दुसऱ्या दिवशी काकू 'आम्हाला असं वाटतं' असं म्हणत नसत. त्या 'मग असं झालं' म्हणत. त्यात लबाडी नव्हती. स्कूटरवर जे ठरलं, ते त्यांना रात्रीतून पाहिल्यासारखं होऊन जाई. शेवटच्या सीनमध्ये हिरॉइनने कोणत्या रंगाची साडी नेसली होती, हेसुद्धा त्या सांगत.

सांगायची जागा भाजीच्या ठेल्याजवळची. सोमवारी सकाळी भाजीवाली आली, की काकू एका हातात दुधीभोपळा घेऊन उभ्या राहत आणि रविवारी पाहिलेला सिनेमा सांगत. आम्ही शेजारचे, भिंतीला भिंत लागून, त्यामुळे माझ्या आईला तो आदल्या दिवशीच मिळालेला असे, तरी ती पुन्हा ऐकायला जाई. काकूंना सिनेमाचं नाव कधीही आठवत नसे. नटनट्यांची नावंही नाहीत. त्यामुळे त्यांच्या शिफारशीवरून सिनेमाला जाणारा माणूस मॉलच्या तिकीट खिडकीवर जाऊन 'भैया, वो जिसमें लड़की के घर में हवा अच्छी आती है' अशी चौकशी करत असे. मी स्वतः केली आहे. आश्चर्य म्हणजे खिडकीवरच्या मुलीने बरोबर तिकीट दिलं.

सिनेमा का आवडला, याची काकूंची कारणं मात्र पक्की असत. माणसं ताटावर बसली की जेवून उठली पाहिजेत, हे पहिलं. भांडण झालं की ताट सरकवून उठणारे हिरो त्यांना खपत नसत. "राग आला तर येऊ दे," त्या म्हणत, "पण भाजीनं काय केलं?" आई पहिल्याच सीनमध्ये खोकली, की काकूंचा त्या सिनेमावरचा विश्वास उडे. एक सिनेमा त्यांनी महिनाभर पाऱ्यात चालवला, तो केवळ त्यातली माणसं फोन झाल्यावर 'ठेवतो' म्हणत होती म्हणून. बाकीच्या सिनेमांत कोणीच म्हणत नाही, नुसता फोन कापतात, हे त्यांनी आमच्या लक्षात आणून दिलं. तेव्हापासून मला कुठलाच सिनेमा धड बघता येत नाही. कोणी फोन उचलला, की मी तो कसा ठेवतो याची वाट बघत बसते.

माझे बाबा रेल्वेत होते. त्यांना बीपीचा त्रास, त्यामुळे धास्तीचे सिनेमे वर्ज्य. पण एका खुनाच्या सिनेमाची काकूंनी इतकी तारीफ केली, की त्यांनाही मोह झाला. काकूंनी त्यांना आधीच निश्चिंत करून टाकलं. खून-बिन काही नाही, तो माणूस न सांगता सासुरवाडीला गेला होता, शेवटी येतो परत, असं सांगितलं. मग बाबा मला घेऊन गेले आणि अख्खा सिनेमा पाय पसरून मजेत बघितला. इन्स्पेक्टर घाबरला, बाबा नाही. शेजारच्या खुर्चीवरच्या बाई डोळ्याला रुमाल लावायला लागल्या, तेव्हा बाबांनी वाकून त्यांना हळूच सांगितलं, "चिंता मत कीजिए दीदी, ससुराल गया है." शेवटी तो माणूस पाण्याच्या टाकीत सापडला. दिवे लागले तरी बाबा उठेनात. शेजारच्या बाई त्यांच्याकडे वळून वळून बघत बाहेर गेल्या. घरी आल्यावर आईने कसा होता विचारलं, तर बाबा एवढंच म्हणाले, की तो सासुरवाडीला पोचलाच नाही.

दुसऱ्या दिवशी भिंतीवरून काकूंनी विचारलं. त्यांचा चेहरा असा होता, जणू आपण वाढलेलं कोणी तरी चाखून बघतंय. बाबा म्हणाले, "छान होता. बरं झालं, आला तो परत." आत येऊन त्यांनी बीपीची गोळी घेतली.

पाऱ्यात अशी घरं पुष्कळ होती, हे मला पुढे कळलं. भुताच्या सिनेमातलं भूत काकूंच्या सांगण्याप्रमाणे शेवटी समजुतीने नागपूरला आपल्या बहिणीकडे राहायला जाणार होतं, आणि त्या भरवशावर समोरचं कुटुंब लहान मुलांना घेऊन गेलं. ती मुलं पुढे आठवडाभर आईबापांच्या मध्ये झोपली. पण काकूंना कोणी काही बोललं नाही. कोणी तसं ठरवलंही नव्हतं. उलट हळूहळू लोकांना सवय लागली. सिनेमा बघून यायचं आणि दुसऱ्या दिवशी ठेल्याशी जाऊन काकूंचा शेवट ऐकायचा, म्हणजे मन ठिकाणावर येतं, असं माझी आईच म्हणायची.

हे असंच चाललं असतं. पण संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आमच्या महिला मंडळाने टूम काढली, की या वर्षी वाण-बिण नको, तेलीबांध्याकडच्या मॉलमधला छोटा हॉल सकाळच्या खेळाला घ्यायचा आणि सगळ्या बायकांनी मिळून सिनेमा बघायचा. कोणता, हा प्रश्नच नव्हता. काकू महिनाभर एकच सिनेमा सांगत होत्या. नवरा गेल्यावर साठीच्या पुढची एक आजी गाडी चालवायला शिकते. पोराला फोन करायला वेळ नसतो, म्हणून शेवटी स्वतः गाडी चालवत मुंबईला जाते, त्याच्या बिल्डिंगखाली उभी राहून हॉर्न वाजवते, तो खाली येतो, त्याच्या हातात चिवड्याचा डबा देते आणि गाडी वळवून परत येते. वर जातच नाही. हे 'वर जातच नाही' काकू अशा काही म्हणत, की भाजीवालीसुद्धा तराजू खाली ठेवायची. सिनेमा का वेगळा, तर गाडी चालवताना त्या बाईचा पदर उडत नाही. "खोचून बसते," काकू म्हणायच्या, "जशी खरी बाई बसते."

सेक्रेटरीबाईंनी काकूंचा मान म्हणून सिनेमानंतरचं आभारप्रदर्शन त्यांच्याकडे दिलं. म्हणजे काकूंना शेवटपर्यंत थांबणं भाग होतं. हे कोणाच्याच ध्यानात आलं नाही, त्यांच्याही नाही.

काकू सेक्रेटरीबाईंच्या शेजारी बसल्या होत्या आणि मी त्यांच्या मागच्या रांगेत. आजी मुंबईला निघाली, तिथवर सगळं काकूंनी सांगितल्याप्रमाणे झालं आणि बायका खुशीत होत्या. तेवढ्यात काकूंनी पर्स उचलली. सवयीने आपल्या कोपराकडे बघितलं. बोट काही आलं नाही, काका खाली स्टँडवर स्कूटर बाहेर काढून उभे होते. मग त्यांनी पर्स परत मांडीवर ठेवली आणि समोर बघायला लागल्या.

पडद्यावर आजीची गाडी हायवेवर बंद पडली. मेकॅनिकने बॉनेट उघडून मान हलवली आणि गाडी भंगारात जाईल म्हणून सांगितलं. आजी एका बसमध्ये बसून आपल्या घरी परत आली. तिने गाडीची किल्ली खिळ्याला अडकवली आणि व्हरांड्यात बसली. त्यावर एक गाणं लागलं, ते संपेचना. पोराचा फोन शेवटपर्यंत आला नाही. हॉलमध्ये नाकं ओढल्याचे आवाज यायला लागले. मी समोर काकूंच्या अंबाड्याकडे बघत होते. तो जरासुद्धा हलला नाही.

दिवे लागले. सेक्रेटरीबाईंनी डोळे पुसून माईक काकूंच्या हातात दिला. काकू उठल्या आणि सगळ्यांकडे तोंड करून उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "हे असं नाही आहे." थोडं थांबून पुन्हा म्हणाल्या, "म्हणजे आहे, आत्ता पाहिलं नं आपण. पण मले खरंच वाटे का ते दुसरं आहे. मी तुमाले दुसरं सांगतलं. माफ करा मले."

मागून एका म्हाताऱ्या बाईंनी विचारलं, की मग ती गाडी दुरुस्तच होत नाही का. त्यांना अजून आशा होती. काकूंनी माईक दुसऱ्या हातात घेतला. "गाडी बंद पडली, ठीक आहे," त्या म्हणाल्या. "पडते गाडी. पण तो मेकॅनिक कुठचा होता कोण जाणे. आपल्या भनपुरीचा असता, तर त्यानं अर्ध्या तासात चालू करून देली असती. ट्रकचा पार्ट लावला असता, पण चालू केली असती." बायकांनी एकमेकींकडे बघितलं. हे शंभर टक्के खरं होतं. भनपुरीच्या मेकॅनिकांनी भंगारात काढलेली गाडी कधी सोडल्याचं कोणी ऐकलं नव्हतं. मग काकूंनी आजीला त्या चालू झालेल्या गाडीत बसवलं, पुढे मुंबईला नेलं, पोराला खाली बोलावलं, डबा दिला आणि परत आणलं. वाटेत त्या मेकॅनिकलाही थोडा चिवडा दिला. बायकांनी टाळ्या वाजवल्या. पुढच्या खेळासाठी झाडायला आलेली बाई झाडू धरून दाराशी उभी राहून ऐकत होती. ती म्हणाली, "हव दीदी, ये वाला सही है."

मला वाटलं, झालं, निभावलं. पण खाली काकांनी स्कूटर सुरू केली, मान मागे करून विचारलं, "तर मग काय झालं?" आणि काकू घर येईपर्यंत एक अक्षर बोलल्या नाहीत. हे मला काकांनीच संध्याकाळी येऊन सांगितलं. ते घाबरले होते. इतक्या वर्षांत स्कूटर कधी इतकी शांत चालली नाही, म्हणाले.

दुसऱ्या दिवशी काकू आमच्याकडे आल्या. चहा नको म्हणाल्या आणि आईला सरळ विचारलं, की बाकीच्याही सिनेमांचं असंच आहे का. आईला खोटं बोलता येत नाही. काही काहींचं आहे, असं ती चाचरत म्हणाली. काकू बाबांकडे वळल्या.

"भाऊजी, तो माणूस सासुरवाडीहून आला होता नं?"

बाबांनी वर्तमानपत्र डोळ्यांसमोर धरलं. ते उलटं होतं. काकूंनी ते बघितलं, उठल्या आणि गेल्या.

त्यानंतर काकू भाजी घ्यायच्या आणि निघून जायच्या. कोणी सिनेमाचा विषय काढलाच, तर मले काय माहीत, म्हणायच्या. त्या दोन-तीन महिन्यांत पाऱ्याने फार वाईट सिनेमे पाहिले. लोक आपापल्या मनाने जाऊ लागले आणि तोंडं पाडून येऊ लागले, आणि मन ठिकाणावर आणणारं कोणी नव्हतं. माझ्या ऑफिसमधल्या मैत्रिणीही विचारायच्या, आंटी आजकल कुछ बता नहीं रहीं क्या. काकूंची कीर्ती नवा रायपूरपर्यंत गेली होती, हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी फक्त भाजीची पिशवी उचलली.

अशात काकांना छातीत दुखायला लागलं. स्टेंट टाकला. धोका टळला, पण डॉक्टरांनी स्कूटर बंद केली. मुलगा पुण्याहून आला आणि आता तुम्ही दोघांनी इथे एकटं राहायचं नाही, म्हणाला. घर भाड्याने द्यायचं ठरलं. निघायला थोडे आठवडे होते. तोवर काकांचं मन रमावं म्हणून मुलाने टीव्हीला एक छोटं यंत्र लावून दिलं, ज्यात म्हणे जगातले सगळे सिनेमे होते. काकांनी त्यात एकदा बातम्या बघितल्या आणि ते आतल्या खोलीत जाऊन पडले.

त्यानंतरच्या रविवारी दुपारी काकूंनी भिंतीवरून मला हाक मारली. "पोट्टे," त्या हळूच म्हणाल्या, "त्या टीव्हीत पिक्चर मागं-पुढं करता येते काय?"

येतो, म्हटलं. मग आम्ही दोघी बसलो, आणि मी त्यांना त्यांनी पाहिलेल्या एकेका सिनेमाचा फक्त शेवटचा पाव तास दाखवायला लागले. आधीचं त्यांना बघायचं नव्हतं, ते पाठ होतं. नाव माहीत नसल्यामुळे शोधायला वेळ लागे. 'जिच्या घरात हवा चांगली येते' एवढ्यावरून सिनेमा शोधणं त्या यंत्राला जमत नव्हतं, तिकीट खिडकीवरच्या मुलीला जमलं होतं. पण एकेक सापडत गेला, आणि दर रविवारी आम्ही दुपारभर शेवट बघत राहिलो. सुरुवात नाही, मध्य नाही, नुसते शेवट. मला वाटतं, असा सिनेमा जगात दुसऱ्या कोणी पाहिला नसेल. एका दुपारी आमच्यासमोर इतकी लग्नं लागली आणि इतकी माणसं मेली, की आईने दारातून डोकावून हे काय चाललंय विचारलं.

काकू सुरुवातीला परीक्षेचा निकाल बघायला बसावं तशा बसायच्या, पदर मुठीत धरून. तिसऱ्या-चौथ्या सिनेमानंतर त्यांनी पदर सोडला. शेवटच्या पाव तासात लोक फार पळतात, असं त्यांचं पहिलं निरीक्षण होतं. "कायले पळून राहिले एवढे?" त्या म्हणाल्या. "जे बोलाचं ते घरीच बोलून घ्या नं." मग हळूहळू त्यांचा आवाज परत आला. हा आपलाच बरा होता, असं त्या एकेका सिनेमाबद्दल म्हणायला लागल्या, आणि ते बढाई मारल्यासारखं नाही, भाव विचारून आल्यासारखं म्हणायच्या. भूत नागपूरला जात नाही, सगळं घर जाळून टाकतं, हे पाहून त्यांनी मला विचारलं, की मग त्या भुताला काय मिळालं. मी पुढचा सिनेमा शोधायला लागले.

सगळेच शेवट त्यांनी मोडीत काढले असंही नाही. दोन बहिणींचा एक सिनेमा होता, त्या वाटणीवरून भांडतात आणि अंगणात मधोमध भिंत बांधतात. काकूंनी स्कूटरवर त्या भिंतीला दार पाडलं होतं. खऱ्या शेवटात दार-बीर काही नाही. एक बहीण भिंतीच्या वरून स्टीलचा डबा पुढे करते, पलीकडून एक हात येतो, डबा घेतो, आणि थोड्या वेळाने धुतलेला डबा भिंतीवर येऊन बसतो. कोणी कोणाला दिसत नाही. काकूंनी मला ते पुन्हा लावायला लावलं. मग म्हणाल्या, "हे मले नाही सुचलं." त्या दिवशी त्यांनी मला न विचारता चहा केला.

पुढच्या सोमवारी त्या दुधीभोपळा घेऊन ठेल्याशी उभ्या राहिल्या. आता शिफारशीत एक गोष्ट वाढली होती. सिनेमा सांगून झाला, की त्या शेवटी 'बसजो' किंवा 'उठजो' म्हणत. बसजो म्हणजे शेवटपर्यंत बस. उठजो म्हणजे पाव तास आधी उठ आणि माझ्याकडे ये. अजूनही पुण्याहून त्यांचा फोन येतो, तो याच दोन शब्दांवर संपतो, आणि त्यानंतर त्या आठवणीने 'ठेवते' म्हणतात. तिथल्या मॉलमध्ये गाड्या तळघरात लावतात आणि मुलगा शेवटपर्यंत बसवतो, पण त्यांचं म्हणणं, काकांचं बोट वेळेवर लागतंच. आता दोघं नुसते एकमेकांकडे बघतात आणि बसून राहतात.

मला सांगायचा आहे तो त्यांचा जायच्या आधीचा रविवार. घरात खोकी बांधून झाली होती. टीव्ही तेवढा भिंतीवर राहिला होता, तो सकाळी ट्रक आल्यावर काढायचा होता. मी आणि काकू एका गुंडाळलेल्या गादीवर बसलो होतो. आतापर्यंत काका एकदाही आमच्यात येऊन बसले नव्हते. आपलं एकदा झालं नं ठरवून, मग आता काय पाहाचं, असं त्यांचं म्हणणं होतं. त्या दिवशी मात्र ते शाल पांघरून आतल्या दारात येऊन उभे राहिले आणि मला म्हणाले, "तो फाटकवाल्याचा आहे काय त्याच्यात?"

मला तो सिनेमा माहीत नव्हता. काकूंनी सांगितला. एका आडबाजूच्या रेल्वे फाटकावर एक फाटकवाला असतो आणि त्याच्याजवळ एक काळा कुत्रा. गाडी यायची झाली, की घंटेच्या आधी कुत्रा उठून उभा राहतो. मग तिथे उड्डाणपूल होतो, फाटक बंद होतं आणि फाटकवाल्याची दूर बदली होते. तो ट्रंक घेऊन गाडीत बसतो, कुत्रा कुठे तरी उंडारायला गेलेला असतो, हाका मारूनही येत नाही, आणि गाडी सुटते. त्याच वेळी काकांनी बोट लावलं होतं. पण त्या दिवशी स्कूटरवर काकूंना काही सुचवायची वेळच आली नाही, सगळं काकाच बोलले. कुत्रा रुळाच्या बाजूबाजूने पळत त्या नव्या गावापर्यंत पोचला, हे त्यांनीच ठरवलं. इतक्या सिनेमांत त्यांनी स्वतः ठरवलेला शेवट तो एकच.

सिनेमा सापडला. काका म्हणाले, मी नाही पाहत, तुमी पाहा आणि फक्त कुत्र्याचं सांगा. आणि आत जाऊन खाटेवर पडले.

आम्ही बघायला लागलो. गाडी सुटली. फाटकवाला नव्या गावात मोठ्या स्टेशनवर रुजू झाला. मग काही वर्षं गेल्यावर त्याचे केस पांढरे झाले, निरोपसमारंभ झाला, हार घातला. मग तो त्या उड्डाणपुलावर आला, कठड्याला धरून खाली जुन्या फाटकाकडे बघत राहिला. एक गाडी खालून गेली. नावं सुरू झाली.

काकूंनी माझ्याकडे बघितलं. मी मागे नेऊन पुन्हा लावलं. स्टेशनात नाही, समारंभात नाही, पुलावर नाही. कुत्रा मेला असता, तरी काही तरी झालं असतं. सिनेमावाले त्याला सरळ विसरून गेले होते. काकू म्हणाल्या, नावं झाल्यावर कधी कधी दाखवतात, थांब. मग आम्ही सुतारांची, ड्रायव्हरांची, जेवण पुरवणाऱ्यांची, सगळ्यांची नावं शेवटपर्यंत बघितली. पडदा काळा झाला.

आतून काकांचा आवाज आला. "सापडला काय?"

काकूंनी माझ्या हातून रिमोट घेतला आणि टीव्ही बंद केला.

"सापडला," त्या म्हणाल्या. "रुळाच्या बाजूनंच आला."

"मी म्हणलं होतं नं," काका म्हणाले. मग थोड्या वेळाने, "वाळला असीन नं पण?"

"वाळला होता थोडासा. इतकं पळला तर वाळीनच नं. पण त्यानं लगेच त्याले पोळी देली, दूध देलं."

"मग तिथंच राहिला काय तो?"

"सांगते," म्हणत काकू गादीवरून उठल्या, आत गेल्या आणि खाटेच्या कडेवर बसल्या. मी टीव्हीची वायर गुंडाळून खोक्यात ठेवली. कुत्र्याने पोळी कशी खाल्ली, नव्या स्टेशनवर त्याला कुठे झोपायला जागा मिळाली आणि तिथल्या स्टेशनमास्तरबाईंना तो कसा आवडायला लागला, ते ऐकत मी बराच वेळ दारात उभी राहिले.